ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आणि साताऱ्याचे राज्य : साम्राज्यवादाच्या कारणमीमांसेची एक समीक्षा

प्रस्तावना

आशिया व आफ्रिका खंडांतील युरोपीय साम्राज्यवाद हा विषय आपल्या पदवी वर्गांत बहुधा दोन याद्यांच्या रूपाने शिकविला जातो. पहिली यादी कारणांची असते : औद्योगिक क्रांती, कच्च्या मालाची गरज, बाजारपेठांचा शोध, अतिरिक्त भांडवल, राष्ट्रवादी स्पर्धा, धर्मप्रसार. दुसरी परिणामांची : आर्थिक शोषण, हस्तव्यवसायांचा ऱ्हास, पाश्चात्त्य शिक्षण, राष्ट्रीय जागृती. या याद्या चुकीच्या नाहीत. परंतु त्यांच्यात कारणे एका बाजूला आणि परिणाम दुसऱ्या बाजूला असे जे स्वच्छ विभाजन गृहीत धरलेले असते, ते एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या इतिहासाला लावून पाहिले असता टिकते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न सातारा-वाई परिसराच्या संदर्भात विचारला आहे. त्यासाठी जेम्स ग्रँट डफ याचा १८२६ साली लंडनहून तीन खंडांत प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास हा ग्रंथ समीक्षेचा विषय म्हणून घेतला आहे. हा ग्रंथ ज्या अधिकाऱ्याने लिहिला, त्यानेच साताऱ्याच्या नव्या राज्याची घडी बसविली होती. ज्या कागदपत्रांवर तो आधारला, ती सत्तेमुळेच त्याच्या हाती आली. आणि त्यातील भूमिकेला उत्तर मिळाले तेही वाईसारख्या गावांतील दप्तरांमधून. गतकाळाविषयीचे ज्ञान हे साम्राज्यवादाचे साधन, समर्थन आणि परिणाम या तिन्ही रूपांत येथे एकाच वेळी दिसते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रचलित उपपत्ती आणि तिची मर्यादा

साम्राज्यवादाच्या आर्थिक उपपत्तीची मांडणी प्रामुख्याने हॉब्सन (१९०२) व लेनिन (१९१७) यांच्या ग्रंथांतून झाली. हॉब्सनसमोर दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्ध होते, तर लेनिनसमोर पहिले महायुद्ध. १८७० नंतरची भांडवलाची निर्यात आणि आफ्रिकेची वाटणी समजून घेण्यास या उपपत्ती आजही उपयुक्त आहेत. मात्र सातारा खालसा झाले तेव्हा १८८४-८५ ची बर्लिन परिषद जवळजवळ तीन तपे दूर होती आणि हिंदुस्थानात अजून आगगाडीही धावली नव्हती. त्यामुळे तेथील घटनांना नंतरच्या काळाची उपपत्ती जशीच्या तशी लावता येत नाही.

१९५३ साली गॅलाघर व रॉबिन्सन यांनी मुक्त व्यापाराच्या साम्राज्यवादाची कल्पना मांडली. शक्य तेथे अप्रत्यक्ष वर्चस्व आणि अपरिहार्य तेथे प्रत्यक्ष राज्य, असे ब्रिटिश धोरणाचे सूत्र त्यांनी दाखविले. पुढे रॉबिन्सन यांनी स्थानिक सहकाऱ्यांच्या भूमिकेवर भर दिला. साताऱ्याच्या बाबतीत ही मांडणी अधिक जवळची वाटते. बाळाजीपंत नातूंसारखे कारभारी, जहागीरदारांचे हितसंबंध आणि वेदोक्ताच्या प्रश्नावरून प्रतापसिंह महाराजांविरुद्ध उभे राहिलेले सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्यावाचून तेथील घडामोडींचा उलगडा होत नाही. तथापि या उपपत्तीतही एक उणीव राहते. अप्रत्यक्ष वर्चस्वाला वैधता कोठून मिळते आणि ती वैधता काढून कशी घेतली जाते, याचे उत्तर त्यात पुरेसे मिळत नाही.

साताऱ्याचा करार : पुनःस्थापना की निर्मिती?

फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढून पेशवाई संपल्याचे घोषित केले आणि छत्रपतींसाठी राज्य राखून ठेवण्याचे आश्वासन दिले. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्यास गादीवर बसविण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी झालेल्या तहाने नीरा व वारणा या नद्यांच्या दरम्यानचा, वाई प्रांतासह, बराचसा मुलूख त्यांच्याकडे आला. पूर्ण अधिकार मात्र १८२२ पर्यंत देण्यात आले नाहीत. मधल्या काळात ग्रँट डफ हाच कारभार पाहत होता.

या तहाची शब्दयोजना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. छत्रपतींच्या घराण्याचा पुरातनपणा लक्षात घेऊन त्यांना वारसांसह राज्य देत आहोत, असा त्यातील आशय आहे. पुरातनपणा मान्य केला म्हणजे ही पुनःस्थापना ठरते. देणगी म्हटले म्हणजे ही निर्मिती ठरते. शिवाय कंपनी सरकारच्या अधीन राहून वागणे आणि परराज्यांशी किंवा बाहेरच्या सरदारांशी परस्पर व्यवहार न करणे या अटी होत्याच. एकाच दस्तऐवजात दोन परस्परविरोधी अर्थांना वाव होता आणि कोणता अर्थ केव्हा लावायचा, याचा अधिकार केवळ एका पक्षाकडे होता.

त्या काळात हा अधिकार सौम्यपणेही वापरला गेला. १८२९ साली महाबळेश्वरची जागा इंग्रजांनी वाई तालुक्यातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाराजांकडून घेतली व तेथे माल्कम पेठ वसली. हा व्यवहार रीतसर करारानेच झाला. पुढे त्या थंड हवेच्या ठिकाणी अतिपूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांकडून कामे करून घेण्यात आली. सह्याद्रीच्या माथ्यावरील एका गावाचा संबंध अशा रीतीने आशियाभर पसरलेल्या एका व्यवस्थेशी जोडला गेला.

ग्रँट डफचा ग्रंथ : गुण आणि दृष्टी

ग्रँट डफच्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना त्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. छत्रपतींच्या संग्रहातील कागद, पेशव्यांचे दप्तर, सरदार घराण्यांची पत्रे, बखरी, फारसी तवारिखा आणि इंग्रजी वखारींचे कागद अशी नानाविध साधने त्याने एकत्र केली. अनेक हस्तलिखितांच्या नकला करवून त्या मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या. मराठ्यांचा सलग इतिहास सांगण्याचा एवढा विस्तृत प्रयत्न त्यापूर्वी झाला नव्हता. अ. रा. कुलकर्णी यांनी त्याला प्रशासक-इतिहासकार म्हणून जे स्थान दिले आहे, ते या परिश्रमांमुळेच होय.

परंतु साधनांची विपुलता आणि अर्थनिर्णयाची दिशा या भिन्न गोष्टी आहेत. ही साधने ग्रँट डफला मिळाली ती जिज्ञासू प्रवासी म्हणून नव्हे. आपल्या पूर्वजांचे कागद दाखविणारे प्रतापसिंह त्या वेळी त्याच्याच देखरेखीखाली राज्यकारभाराचे धडे घेत होते. जहागीरदार व इनामदार यांनी आपली दप्तरे उघडली, तेव्हा त्यांच्या वतनांचे भवितव्य त्याच्या अहवालांवर अवलंबून होते. इतिहासाचे साधन आणि हक्काचा पुरावा यांतील सीमारेषा अशा प्रसंगी पुसट झाली होती, असे अनुमान करणे गैर ठरणार नाही.

ग्रंथाची दृष्टी त्याच्या प्रसिद्ध उपमेतून स्पष्ट होते. मराठ्यांच्या सत्तेचा उदय त्याला सह्याद्रीतील वणव्यासारखा आकस्मिक वाटतो. वणव्याला इंधन असते, वारा असतो. पण हेतू नसतो. या उपमेतून मराठा राज्यामागील लोकस्थिती, धर्मसुधारणेची चळवळ, भाषेचे ऐक्य आणि ग्रामसंस्थांचे बळ हे सारे दृष्टीआड होते. उरतात ती पराक्रमी माणसे, लुटीच्या मोहिमा आणि आपसांतील कलह. असा इतिहास १८१८-१९ च्या सुमारास इंग्रजांनी केलेल्या व्यवस्थेपाशी येऊन थांबतो, तेव्हा ती व्यवस्था राजकीय विजयाचे फळ न वाटता अराजकाचा स्वाभाविक शेवट वाटू लागते. ग्रँट डफने हे जाणूनबुजून केले, असे म्हणण्याची गरज नाही. त्याने कथनाची जी चौकट पत्करली, तिच्यातून तेच निष्पन्न होणार होते.

१८३९ ते १८४९ : अर्थनिर्णयाचे राजकारण

साताऱ्याच्या तहातील द्व्यर्थाचा उपयोग पुढील तीस वर्षांत दोन वेळा झाला. जहागिरींवरील हक्कांसंबंधी प्रतापसिंह महाराजांचा मुंबई सरकारशी वाद वाढत गेला. गोव्याचे पोर्तुगीज व नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचा आणि हिंदी पलटणीतील अधिकाऱ्यांना फितविण्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. बाहेरच्यांशी व्यवहार न करण्याच्या अटीचा भंग हे कारण दाखवून सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून दूर केले गेले. त्यांची रवानगी काशीस झाली व तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये १८५३ पर्यंत अखंड खटपट केली. पण ज्यांच्याकडे दाद मागायची तेच तहाचा अर्थ लावणारे होते.

प्रतापसिंहांचे बंधू शहाजीराजे ५ एप्रिल १८४८ रोजी मृत्यू पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तहातील वारस या शब्दात दत्तक पुत्र येतो की नाही, हा आता प्रश्न होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांनी दत्तक मान्य करावा असे मत दिले. डलहौसीने त्याविरुद्ध निर्णय दिला व १८४९ च्या आरंभी कंपनीच्या संचालकांनी तो कायम केला. सातारा हे कंपनीच्या कृपेने अस्तित्वात आलेले मांडलिक राज्य असल्यामुळे सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाला वारसा मिळत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता. तहातील पुरातनपणाचा उल्लेख मागे पडला आणि देणगीचा अर्थ पुढे आला.

डलहौसीच्या टिपणात अन्य कारणेही आहेत. हा मुलूख मुंबई इलाख्यातील दोन प्रमुख लष्करी ठाण्यांच्या मध्ये येतो, तो सुपीक आहे व त्याचा वसूल चांगला आहे, हे त्याने नमूद केले. म्हणजे आर्थिक व लष्करी हेतू होतेच. पण हेतू आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत. मुलूख हवा असणे हा हेतू झाला. तो आपलाच होता असे सिद्ध करण्यासाठी मात्र साताऱ्याचे राज्य नवनिर्मित होते, असा इतिहासविषयक निष्कर्ष लागत होता. डलहौसीने ग्रँट डफवरून निर्णय घेतला, असा येथे दावा नाही. मराठी सत्तेला स्वतःचे आंतरिक अधिष्ठान नव्हते, ही ग्रंथातील धारणा आणि साताऱ्याच्या राज्याला स्वतःचा आधार नाही, ही निर्णयातील धारणा यांची जात एक आहे, एवढेच दाखवायचे आहे. साताऱ्यापाठोपाठ १८५३-५४ मध्ये झाशी व नागपूर यांच्याबाबतही दत्तकाचाच प्रश्न निर्णायक ठरला.

फ्रिअरचा पुढील प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. साताऱ्यास दत्तकाच्या बाजूने बोलणारा हा अधिकारी खालसानंतर तेथेच कमिशनर झाला. पुढे मुंबईचा गव्हर्नर व १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हाय कमिशनर झाला. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने झुलू राजा सेटेवायो याच्यापुढे पाळणे अशक्य अशा अटींचे निर्वाणपत्र ठेवले आणि जानेवारी १८७९ मध्ये युद्ध सुरू झाले. राजाला पकडून केपला नेण्यात आले व राज्याचे तेरा तुकडे झाले. व्यक्तीची न्यायबुद्धी खोटी होती असे नव्हे. व्यवस्थेच्या रचनेत तिला किती वाव होता, हे यावरून कळते.

वाईचे दप्तर आणि मराठी प्रत्युत्तर

ग्रँट डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर कॅप्टन डेव्हिड केपन याच्या प्रयत्नाने मराठ्यांची बखर या नावाने थोड्याच वर्षांत झाले व ते शाळांमधून वाचले गेले. पराभूत समाजाच्या मुलांनी आपला इतिहास रेसिडेंटच्या नजरेने शिकावा, हा साम्राज्यवादाचा एक परिणाम आपल्या नेहमीच्या यादीत सहसा नसतो. परंतु याच शिक्षणातून प्रतिवादही जन्मला. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने या बखरीवर टीका लिहिली. तत्पूर्वीच, १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी इंग्रजी वृत्तपत्रातील पत्रांतून आणि १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी आपल्या मराठी ग्रंथातून कंपनी राज्यातील आर्थिक शोषणाची चिकित्सा केली होती. हॉब्सनच्या पूर्वी साठ वर्षे मराठी लेखक साम्राज्याची कारणमीमांसा करीत होते, ही बाब आपल्या अध्यापनात यावयास हवी.

प्रतिवादाला भक्कम आधार मिळाला तो कागदपत्रांनी. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांचा मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतपूर्व दशकाविषयीची त्यातील पत्रे वाई येथे मिळालेली होती. त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी ग्रँट डफच्या निवेदनातील तपशील मूळ पत्रांवर घासून पाहिले. १९०० मध्ये न्या. रानडे यांनी वणव्याच्या उपमेचा प्रतिवाद करून मराठ्यांच्या उदयामागील सामाजिक व धार्मिक पूर्वतयारी विशद केली. ग्रँट डफने साताऱ्यास बसून कागद गोळा केले, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. आणि साताऱ्याहून काही कोसांवरील वाईतच त्याला तपासणारे कागद पडून होते.

हे कागद इतकी वर्षे का उजेडात आले नाहीत, याचा विचारही साम्राज्यवादाच्या परिणामांतच मोडतो. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले व सनदांची तपासणी कठोर झाली. जुना कागद हा घराण्याच्या उपजीविकेचा पुरावा झाला. तो दाखवावा तरी धास्ती आणि न दाखवावा तरी धास्ती, अशा स्थितीत दप्तरे पेट्यांत बंद राहिली असल्यास नवल नाही.

पश्चिम आफ्रिकेत याच सुमारास घडलेली गोष्ट तुलनेसाठी घेण्याजोगी आहे. योरुबा धर्मोपदेशक सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. इंग्लंडला पाठविलेले ते हस्तलिखित गहाळ झाले. त्यांच्या बंधूंनी टिपणांवरून ते पुन्हा सिद्ध केले व १९२१ मध्ये ते छापले गेले. युगांडात आपोलो काग्वा यांनी बुगांडाच्या राजांचा इतिहास १९०१ मध्ये स्वभाषेत प्रसिद्ध केला. मिरज, वाई, योरुबा प्रदेश व बुगांडा यांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही चार-पाच वर्षांच्या अंतरात एकच गरज सर्वत्र जाणवली, हा योगायोग मानता येणार नाही.

प्रत्युत्तराची मर्यादा

या मराठी प्रत्युत्तराचीही समीक्षा होणे आवश्यक आहे. खरे-राजवाडे परंपरेने ग्रँट डफच्या चुका दाखविल्या. पण राज्य, युद्ध आणि मुत्सद्देगिरी हीच इतिहासाची मध्यवर्ती सूत्रे होत, ही त्याची चौकट बऱ्याच अंशी कायम ठेवली. ज्या घराण्यांत दप्तरे होती त्यांचाच इतिहास लिहिला गेला. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पोवाड्यातून आणि १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथातून वेगळाच प्रश्न उपस्थित केला : राज्य कोणाचेही असो, कुणब्याच्या घरात काय शिल्लक राहते? फुल्यांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच. त्यांच्या दृष्टीने साम्राज्यवादाचे परिणाम मोजावयाचे तर गोऱ्या अंमलदारांइतकाच स्थानिक कारभाऱ्यांचाही हिशेब मांडावा लागतो. ग्रँट डफला दिलेले उत्तर या प्रश्नावाचून अपुरेच राहते.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साताऱ्याच्या बाबतीत आर्थिक व लष्करी हेतू खरे असले तरी त्यांना अधिकाराचे रूप देण्याचे काम इतिहासाच्या विशिष्ट अर्थनिर्णयाने केले. म्हणून ज्ञान हे केवळ परिणामांच्या यादीत टाकता येत नाही. दुसरा असा की, ग्रँट डफचा ग्रंथ टाकाऊ नाही. तो मराठ्यांविषयीचे साधन आहे तसाच साम्राज्यवादाविषयीचेही साधन आहे आणि त्याचे वाचन या दोन्ही अंगांनी व्हावे. तिसरा असा की, त्याला मिळालेले उत्तर समाजाच्या एका थरातील दप्तरांवर उभे असल्यामुळे अपूर्ण आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांवर यातून एक जबाबदारी येते. मोडी लिपी शालेय शिक्षणातून गेल्यापासून घरोघरच्या दप्तरांचे वाचक विरळ झाले आहेत. गावकीचे कागद, बलुत्यांचे तंटे, सावकारी खती, गहाणखते आणि पाहणीचे तक्ते वाचू शकणारे विद्यार्थी तयार झाले, तर कारणे व परिणाम यांच्या याद्या पाठ करण्याऐवजी त्या तपासून पाहता येतील. विश्वकोशाचे काम ज्या गावातून उभे राहिले, त्या वाईच्या परिसरात असे काम अशक्य मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने राज्ये दिली-घेतली गेली, त्या राजांचा इतिहास बराच लिहून झाला आहे; ज्या रयतेकडून त्या राज्यांचा वसूल झाला, तिचा अजून लिहावयाचा आहे.